कालप्रवाशाला कुठल्या विजयोत्सवात उतरवावं: लंडन की न्यूयॉर्क?

कालप्रवासाच्या कथेत दुसऱ्या महायुद्धाचा विजयोत्सव हवा असेल, तर बहुतेकदा निवड दोनांतच होते: जर्मनीच्या शरणागतीचं लंडन, ८ मे १९४५ किंवा जपानच्या शरणागतीचा न्यूयॉर्कमधला टाइम्स स्क्वेअर, १४ ऑगस्ट १९४५. गर्दी, गाणी, अनोळखी माणसांच्या मिठ्या दोन्हीकडे आहेतच.

न्यूयॉर्कमध्ये नेमका क्षण मिळतो. संध्याकाळी ७ वाजता अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी शरणागतीची घोषणा केली आणि काही मिनिटांत टाइम्स टॉवरवरच्या सरकत्या दिव्यांत ती झळकली. फक्त खलाशाच्या चुंबनाचं ते गाजलेलं छायाचित्र यानंतर टिपलेलं दाखवू नका. सावल्यांच्या अभ्यासातून त्याची वेळ ५ वाजून ५१ मिनिटं अशी निघाली आहे.

माझं घोडं अडलं ते तारखेपाशी. न्यूयॉर्कमध्ये ७ वाजले तेव्हा लंडनमध्ये मध्यरात्र होती आणि टोकियोत १५ तारखेची सकाळ. शरणागती जाहीर करणारं सम्राटाचं भाषण जपानी जनतेनं ऐकलं ते आणखी चार तासांनी. शरणागतीच्या कागदांवर सह्या झाल्या २ सप्टेंबरला आणि अमेरिकेनं अधिकृत विजयदिन मानला तोही तोच. कालयंत्रावर कुठली तारीख लावली, हे समजावण्यातच पान संपतं. शिवाय १५ ऑगस्ट म्हटलं की मराठी वाचक थेट १९४७ मध्ये जातो. माउंटबॅटन यांनी तो दिवस निवडला तो जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्षदिन म्हणूनच, पण हे सांगायला कथेत जागा कुठून आणायची?

लंडनचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं. दुपारी ३ ला रेडिओवर चर्चिल, रात्री ९ ला राजा. पात्रांची भेट किंवा चुकामूक मिनिटाच्या हिशेबानं बसवता येते. चुका होतात त्या दोन ठिकाणी. तेव्हा घड्याळं ग्रिनिचच्या २ तास पुढे होती, म्हणून राजाच्या भाषणाच्या वेळी अजून उजेड हवा, रोषणाई साडेनऊनंतर. आणि लंडनच्या पिकॅडिली चौकात इरॉसचा पुतळा नको. युद्धकाळात तो हलवला होता, परत आला १९४७ मध्ये.

सगळी पात्रं अमेरिकन असतील तर न्यूयॉर्क घ्यावं, त्याला माझी हरकत नाही. तरी माझा कल लंडनकडे. ८ मे रोजी जपानशी युद्ध चालूच होतं आणि पहिल्या अणुबाँबच्या चाचणीला अजून दोन महिने होते. शेजारी नाचणाऱ्या सैनिकाला आता पूर्वेकडच्या आघाडीवर जावं लागेल अशी धास्ती आहे. ती लढाई कधी आणि कशानं थांबणार, हे प्रवाशाला ठाऊक आहे, पण त्याला सांगता येत नाही. टाइम्स स्क्वेअरमधल्या माणसांनी मात्र हिरोशिमाचं नाव वर्तमानपत्रात वाचलेलं असतं.