शेतीच्या स्टार्टअपमध्ये नोकरी धरताना आपलं नाव कुठं-कुठं अडकतं

जून लागला की दारव्हा, राळेगाव, कारंजा, आर्वी अशा तालुक्याच्या गावांत व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात. ड्रोन पायलट पाहिजे, फील्ड ऑफिसर पाहिजे, ॲपवर कास्तकारांची नोंदणी करायला पोरं-पोरी पाहिजेत. ऑफिस पुण्याला किंवा नागपूरला, काम आपल्याच गावात. आईबापाजवळ राहून महिन्याला पंधरा-वीस हजार मिळणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? यातल्या काही कंपन्या नीट चालतात, काही प्रामाणिक धडपड करूनही बंद पडतात. धंदा बसणं हा गुन्हा नाही. पण खातं रिकामं झालेलं माहीत असताना मालक गावातल्या पोराच्या नावावर, त्याच्या फोनवर, त्याच्या सहीवर पुढचे चार महिने रेटतो, तेव्हा ती फसवणूक होते. ती कशी होते, हे नोकरी धरायच्या आधी कळायला हवं.

ड्रोन फवारणीला इकडं मागणी खरी आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. पाठीवर पंप न घेता फवारणी होत असेल तर कास्तकार दोन पैसे जास्त द्यायला तयार होतो. दहा लिटरच्या टाकीत साधारण एक एकर होतो, तोही सात-आठ मिनिटांत. पण दिवसभर काम चालवायचं तर बॅटऱ्यांचे पाच-सहा संच, धुऱ्यावर जनरेटर, पाणी वाहायला गाडी आणि दोन माणसं लागतात. हातात येतात एकरी चारशे-पाचशे. पाऊस आला की काम बंद, वारा सुटला की बंद, आणि काहीशे वेळा चार्ज झाल्यावर महागाची बॅटरी दम टाकते. हंगाम जुलै ते ऑक्टोबर, पगार मात्र बारा महिने द्यायचा. हा हिशोब नुसत्या भाड्यावर बसत नाही. म्हणून कंपनी गुंतवणूकदाराच्या पैशावर जगते, आणि तो पैसा थांबला की दिवाळीच्या मागंपुढं पगार लांबायला लागतो.

पैसा आटल्याची खूण पगाराच्या आधी ॲपमध्ये दिसते. कास्तकाराच्या फोनवर ओटीपी येईनासा होतो, कारण एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडं भरलेले पैसे संपलेले असतात. वेबसाइटवरचा नकाशा काळपट होतो आणि त्यावर ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ अशी अक्षरं उमटतात. गूगलच्या नकाशाचं बिलिंग बंद पडलं की असं होतं. वावरात लावलेला ओलाव्याचा सेन्सर जुनाच आकडा दाखवत राहतो. डवरणीत वायर तुटली असेल तर ती एका डब्याची गोष्ट. पण दहा गावांतले डबे एकाच आठवड्यात मुके झाले तर आतल्या सिमचं रिचार्ज थांबलं आहे असं समजा. सगळ्यात शेवटी कंपनीचा ईमेल बंद होतो. त्याच्यासोबत नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणणारी पत्रंही जातात. ही आपली कागदपत्रं पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या मेलवर ठेवावीत. फक्त आपलीच. कास्तकारांची यादी किंवा कंपनीचा कोड घरी नेला की उलट आपल्यावरच तक्रार होते.

पगार लांबला की सांगितलं जातं, ‘टर्म शीट झाली, फंडिंग आलंच.’ टर्म शीट म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कच्चा कागद, पैसा नव्हे. त्यानंतर गुंतवणूकदार कागद तपासतो, करार होतो, मग पैसे येतात. यात महिने जातात आणि मधेच बोलणी मोडतात. पैसे खरंच आले आणि त्यापोटी शेअर दिले गेले तर कंपनीला पीएएस-३ नावाचा फॉर्म कंपनी निबंधकाकडं भरावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून त्या कंपनीचे दाखल झालेले कागद कुणालाही पाहता येतात. त्याच पोर्टलवर फुकटात दिसणारी माहिती तर नोकरी धरायच्या आधीच पाहावी: कंपनी चालू आहे का, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, संचालक कोण, कुणाचं कर्ज. ॲपचं नाव आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असतं, म्हणून नेमणूकपत्रावर लिहिलेलं नाव शोधायचं. मधेच ‘उद्यापासून आपण नव्या कंपनीत’ म्हणून दुसऱ्या नावाचं पत्र आलं, तर जुन्या कंपनीकडची थकबाकी नवी कंपनी देईल असं त्या पत्रात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. नाहीतर थकलेला पगार एका रिकाम्या नावाकडं राहतो.

सगळ्यात जास्त पोरं पोळतात ती कास्तकाराच्या ॲडव्हान्समध्ये. फोन येतो, ‘कंपनीच्या क्यूआरवर अडचण आहे, आज तुझ्या फोनपेवर घे अन् संध्याकाळी पाठव.’ पोरगं विश्वासानं घेतं. गावातले काका, मामा, शेजारी त्याच्याकडं पाहून पैसे देतात. पुण्यातला मालक त्यांनी कधी पाहिलेला नसतो. फवारणी झाली नाही की दार त्याचंच वाजतं. कुणी १९३० वर सायबर तक्रार केली तर पैसे आधी ज्या खात्यात गेले ते खातं पकडलं जातं. बँक तेवढी रक्कम अडकवते, कधी पूर्ण खातं गोठवते, आणि त्यात घरची पिकाची रक्कमही सापडते. म्हणून एक रुपयाही स्वतःच्या खात्यावर घ्यायचा नाही, मग साहेब कितीही रागावोत. आधीच घेतले असतील तर आजच बसून वही करा: तारीख, कास्तकाराचं नाव, रक्कम, व्यवहाराचा यूटीआर नंबर, आणि ती रक्कम कंपनीला कोणत्या दिवशी पाठवली. ती यादी मालकाला ईमेल करून ‘मिळाले’ असं उत्तर मागवा. उत्तर आलं नाही तरी पाठवलेला मेल कामी येतो. आणि कास्तकारांना खरं सांगा, लवकर सांगा. उशिरा कळलं की माणूस कंपनीला सोडून आपल्यालाच खोटा ठरवतो.

नोंदणीचंही तसंच. रोज चाळीस कास्तकार भरा असं टार्गेट आलं की गुंतवणूकदाराला दाखवायला खोटे नंबर टाकायची सूचना तोंडी येते, लेखी कधीच नाही. लॉगिन मात्र आपलं असतं आणि सर्व्हरवर तेच नाव राहतं.

कर्जाचा प्रकार आणखी जड आहे. ‘ड्रोन तुझ्या नावावर घे, हप्ता कंपनी भरेल, वरून भाडं मिळेल.’ कृषी पायाभूत सुविधा निधीतून ३ टक्के व्याजसवलत असते, हे खरं. पण कर्ज सही करणाऱ्याचं असतं. कंपनीनं हप्ता थांबवला तर बँक कंपनीला ओळखत नाही, आणि सिबिल बिघडलं की उद्या पीककर्जालाही अडचण. लॅपटॉप किंवा मोटरसायकल आपल्या नावानं हप्त्यावर घ्यायला लावणं हीच गोष्ट, आकडा लहान. कामावर घेताना डिपॉझिट मागणारी किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेणारी कंपनी तिथंच सोडावी.

ड्रोन उडवायचा तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणं ड्रोनला यूआयएन म्हणजे नोंदणीचा ओळख क्रमांक आणि उडवणाऱ्याकडं रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर काम चालवू म्हणत असतील तर रिमोट हातात घेऊ नका. दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो.

मग येतो संचालकपदाचा मान. जुना भागीदार सोडून जातो, खासगी कंपनीत किमान दोन संचालक लागतात, म्हणून गावातल्या हुशार पोराला ‘तुला डायरेक्टर करतो’ म्हणतात. चौकात अभिनंदनाचं बॅनर लागतं, घरचे खूश. त्याची डिजिटल सही बनते आणि ती मालकाच्या सीएकडं राहते. पुढं सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं भरली गेली नाहीत तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६४ खाली तो ५ वर्षं कोणत्याही कंपनीत संचालक होऊ शकत नाही, आणि थकलेल्या देण्यांच्या नोटिसा त्याच्या गावच्या पत्त्यावर येतात. कंपनीच्या बँक खात्याचं स्टेटमेंट पाहायला मिळत नसेल तर हे पद घेऊच नये.

पीएफची चोरी सर्वात गुपचूप होते, कारण पगाराच्या चिठ्ठीवर कपात व्यवस्थित दिसते. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पीएफ लागू होतो. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के आपले कापले जातात, आणि त्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. म्हणजे साधारण २० तारखेनंतर उमंग ॲपवर पासबुक उघडा. दोन महिने नोंद नसेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लिहा, पुण्याला जायची गरज नाही. कापलेला हिस्सा न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये फौजदारी विश्वासघात धरला जातो, हे मालकाला माहीत असतं. म्हणून या तक्रारीला नुसत्या फोनपेक्षा लवकर उत्तर येतं. काही ठिकाणी पीएफ टाळायला पोरांना ‘कन्सल्टंट’ दाखवतात आणि १० टक्के टीडीएस कापतात. तो भरला का हे आयकर पोर्टलवर २६एएस या आपल्या करनोंदीच्या उताऱ्यात दिसतं. भरला नसेल तर रिफंडही नाही.

पगाराऐवजी शेअर देतो म्हणाले तर योजनेला भागधारकांची मंजुरी आहे का आणि आपल्या नावाचं लेखी पत्र आहे का, एवढंच विचारा. हक्क मिळायला किमान एक वर्ष जावं लागतं, आणि कंपनी बुडाली तर शेअरवाल्याचा नंबर सर्वात शेवटी.

वेतन संहितेप्रमाणं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा आणि नोकरी सोडली किंवा काढलं तर हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत. थकबाकीचा दावा ३ वर्षांत करता येतो. आधी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्यावा. मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं यांना तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, ओढतो म्हणून कुणी फी मागितली तर थांबा, तिथं थकबाकी किमान १ कोटीची लागते.

निघताना लॅपटॉप, सिम, बॅटऱ्या परत केल्याची पोच घ्या. अनुभवाच्या पत्राच्या बदल्यात ‘माझं काही येणं नाही’ या कागदावर सही मागतील, ती पैसे खात्यात जमा झाल्यावरच करायची. पुढच्या तारखेचा चेक दिला तर तो तारखेपासून ३ महिन्यांच्या आत खात्यात टाका. परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फिर्याद द्यायची. यातली एक तारीख चुकली तरी केस कमजोर पडते. मालक म्हणेल, पुण्याच्या कोर्टात ये. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपण चेक ज्या शाखेतल्या खात्यात भरला, त्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात ही फिर्याद चालते. खातं दारव्ह्याच्या बँकेत असेल तर मालकाला दारव्ह्याला यावं लागतं.