ट्रिएस्तेची मानसिक आरोग्यसेवा : कुलूप नसलेले दार

येरवडा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कारागृह तरी येते, नाही तर मनोरुग्णालय. आणि बोलताना आपण या दोहोंत फारसा फरकही करत नाही. माझ्या मावशीची १६ वर्षे एका मनोरुग्णालयात गेली. त्यांतली अखेरची काही वर्षे ती बरी होती, पण तिला घरी आणायला आम्ही नातेवाईक पुढे झालो नाही. म्हणून इटलीच्या ईशान्य टोकाला असलेल्या ट्रिएस्ते शहरात चार दिवस राहायला मिळाले, तेव्हा ते तिथली सार्वजनिक मानसिक आरोग्यसेवा पाहण्यातच घालवले.

या शहरासाठी आणि परिसरासाठी चार केंद्रे उभारली गेली. ती २४ तास, आठवड्याचे सातही दिवस चालावीत अशी आखणी होती आणि प्रत्येकात मोजक्याच खाटा असतात. दाराला कुलूप नाही, कर्मचाऱ्यांच्या अंगावर पांढरा कोट नाही, कोणाला बांधून ठेवणे नाही. मी गेलो तेव्हा जेवणाची वेळ होती. टेबलाभोवती बसलेल्यांत उपचार करणारे कोण आणि घेणारे कोण, हे मला उठेपर्यंत ओळखता आले नाही. फार अस्वस्थ झालेला माणूस इथे काही रात्री मुक्कामाला राहतो आणि सावरला की चार गल्ल्या ओलांडून आपल्या घरी जातो. घरच नसेल, तर लहान सामायिक घरांत राहण्याची सोय करणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो. मला या सेवेत सर्वांत मोलाचे वाटले ते हेच.

हे सहज घडलेले नाही. इटलीत १९०४ च्या कायद्यानुसार 'स्वतःला किंवा इतरांना धोकादायक' ठरलेल्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळात टाकले जाई आणि त्याची नोंद गुन्हेगारांच्या दफ्तरात होई. १९७१ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्को बझाल्या ट्रिएस्तेतल्या सान जोव्हानी मनोरुग्णालयाचे संचालक झाले, तेव्हा आत सुमारे १,२०० माणसे होती. त्यांनी आधी माणसांच्या हाताला मोल दिले : 'उपचार' म्हणून फुकट झाडलोट करणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्याच कामाची रीतसर मजुरी मिळू लागली. सहकाराच्या जोरावर साखर कारखाने आणि दूधसंघ उभे करणाऱ्या महाराष्ट्राला हे फार अवघड वाटू नये. पुढे १३ मे १९७८ रोजी '१८० क्रमांकाचा कायदा' झाला. त्याने नव्या मनोरुग्णालयांना बंदी घातली. सक्तीच्या उपचारासाठी दोन डॉक्टरांचे मत, महापौरांचा आदेश आणि न्यायाधीशांची मंजुरी लागते, आणि तो आदेश सात दिवसांपुरताच असतो. मुदत वाढवायची तर पुन्हा कारणे द्यावी लागतात.

सान जोव्हानीचे आवार आता सर्वांसाठी खुली बाग आहे, तिथे गुलाबांचे ताटवे आहेत, आणि सामाजिक सहकारी संस्थेने चालवलेले 'इल पोस्तो देल्ले फ्रागोले' हे उपाहारगृहही आहे. कॉफी उत्तम होती. शेजारच्या टेबलावर विद्यार्थी अभ्यास करत होते, आणि ही जागा पूर्वी काय होती याचे कोणालाच दडपण दिसले नाही.

उणिवा सांगायला हव्यात. ही सेवा माणसांवर चालते, म्हणून पैसा आणि मनुष्यबळ आटले की ती लगेच दुबळी होते. आणि साऱ्या इटलीत ती ट्रिएस्तेइतकी चांगली नाही. तुरुंगाचा प्रश्नही पुरता सुटलेला नाही. हातून गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांसाठीची जुनी बंदिस्त इस्पितळे २०१७ पर्यंत बंद झाली आणि त्यांच्या जागी कमाल २० खाटांची निवासस्थाने आली, पण तिथे जागा मिळेपर्यंत काहींना कोठडीतच थांबावे लागते. याच कारणावरून २०२२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने इटलीला दोषी ठरवले.

तरीही मी ही सेवा मनापासून वाखाणतो, कारण जे ट्रिएस्तेत रोज घडते ते आपल्याकडे कागदावर मान्य झालेले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १९ वे कलम सांगते की, कुटुंब नाही, घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत ठेवून घेता येणार नाही. मावशीच्या बाबतीत यांतली शेवटची दोन कारणे होती.