९४ हजारांचा गेम डेव्हलपर

परवा लातूरच्या चुलतभावाने एक जाहिरात पाठवली. "दादा, तू हे केलंयस ना? कसं आहे?" गेम डेव्हलपमेंट डिप्लोमा, सहा महिने, नोकरीची शंभर टक्के हमी. नाव नवीन, लोगो नवीन, फोटो मात्र आमच्या सोलापूरच्या क्लासचा. लाल-काळी गेमिंग खुर्ची, पाठीवरचं प्लास्टिक तसंच, आणि मागे एसीच्या पाण्याखाली ठेवलेली निळी बादली. ती बादली तीन महिने मीच ओतत होतो. म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहायला बसलोय.

आधी आकडे सांगतो, म्हणजे "किती गेले रे?" हा प्रश्न पुन्हा नको. नोंदणी २,३६० रुपये. 'युनिटी प्रो लायसन्स' (युनिटी म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) १४,१६०. 'प्लेसमेंट डिपॉझिट', म्हणे परत मिळणार, ९,५००. आणि फी, ५,६६७ चे १२ हप्ते. एकूण ९४,०२४. त्यातले ६५,६८९ गेले आणि २८,३३५ अजून जायचेत. क्लास बंद पडला तरी दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता कापला जातो. कसा, ते पुढे येईलच.

मी काही अडाणी नाही. बीसीए झालंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला आहे, दिवसभर बिलं बनवतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, यंत्रमागावर जॉबर, माग दुरुस्त करणारे. लहानपणापासून एकच वेड, गेम खेळायचे नाहीत, बनवायचे. सोलापुरात हे शिकवणारं कुणी माहीत नव्हतं, पुण्यात राहून शिकायचं तर खोलीभाडं परवडत नाही. अशात जून २०२५ मध्ये सात रस्त्याजवळ तिसऱ्या मजल्यावर काचेचा दरवाजा दिसला. आत बारा पोरं आधीच बसलेली. बारा जण बघितल्यावर कुणाला शंका येईल? नंतर कळलं, त्यातले चार जण सरांच्याच ओळखीतले, फुकटात बसवलेले.

पहिले २,३६० यूपीआयने दिले तेव्हा मोबाइलवर कुठल्यातरी बाईचं नाव आलं. संस्थेचं नाही. "मॅडम अकाउंट बघतात." बरं.

आता ते लायसन्स. हे आठवलं की आजही जेवण जात नाही.

दुसऱ्या आठवड्यातला शनिवार, संध्याकाळ. संगणकावर युनिटीची २०१९ ची जुनी आवृत्ती होती. मी उगीच स्क्रीनच्या अगदी वरच्या पट्टीकडे बघितलं. प्रोजेक्टचं नाव, पुढे आवृत्तीचा आकडा, आणि त्याला लागून स्वच्छ अक्षरांत 'पर्सनल'. १४,१६० ची पावती तेव्हा माझ्या पाकिटात होती, 'प्रो' लिहिलेली. मी विचारलं, "सर, आपण प्रोचे पैसे भरलेत ना? इथं पर्सनल का दिसतंय?" सर मागून आले, खुर्चीच्या त्या प्लास्टिकवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, पर्सनल म्हणजे काय? वैयक्तिक. तुझ्या एकट्याच्या नावावर घेतलंय ना, म्हणून पर्सनल." मागे दोन-तीन पोरं हसली. मीही हसलो. आपलंच इंग्रजी कच्चं, असं वाटलं हो!

युनिटी पर्सनल फुकट असतं. वर्षाची कमाई दोन लाख डॉलरच्या वर जात नाही तोवर एक पैसा द्यावा लागत नाही. आणि खरं प्रो वर्षाला एका माणसामागे दोन हजार डॉलरच्या वर जातं, ते १४ हजारांत मिळणारच कसं? मोबाइलवर दोन मिनिटं शोधलं असतं तरी कळलं असतं. गेम बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर, अनरिअल इंजिन, तेही सुरुवातीला फुकट, एका गेमची कमाई दहा लाख डॉलर ओलांडली की मग पाच टक्के. तसंच तिसरं, गोडो, तर कायमचं फुकट, थ्रीडी चित्रं बनवायचं ब्लेंडरही. या धंद्यात शिकायच्या हत्यारांना पैसे लागत नाहीत. 'सॉफ्टवेअर फी' हा शब्द ऐकला की चप्पल घाला आणि जिना उतरा.

त्याहून मोठी चपराक पावतीची. मी रोज कारखान्यात जीएसटी नंबर टाईप करतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. या पावतीवर २९ होतं, म्हणजे कर्नाटक. मी ते बघितलं होतं. बघून मनात म्हणालो, असेल विजापूरला हेड ऑफिस, इथून काय लांब आहे! सप्टेंबर संपता संपता जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला, तर फरशीच्या दुकानाचा निघाला. अण्णा एवढंच म्हणाले, "सुताच्या गाठीवरचं लेबल तरी वाचतोस ना रे कारखान्यात?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हप्त्यांचं असं झालं. "फी एकदम कुणी मागतंय का, महिन्याला भर की" म्हणून काउंटरवरच्या पोराने माझा फोन घेतला, सेल्फी काढला, "ओटीपी सांग" म्हणाला. ती फीच्या हप्त्यांची सोय नव्हती. एका फायनान्स कंपनीकडून माझ्या नावावर कर्ज निघालं आणि सगळी रक्कम त्याच आठवड्यात क्लासच्या खात्यात गेली. करार तेवीस पानी, इंग्रजीत. अशा डिजिटल कर्जातून निदान पहिल्या दिवसात तरी बाहेर पडता येतं, तशी कूलिंग-ऑफची मुदत द्यावी लागते. मला हे कळलं चार महिन्यांनी. फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. सख्ख्या भावाच्याही नाही.

शिकवलं काय? तयार टेम्पलेट उघडायचं, गाडीचा रंग बदलायचा, नाव बदलायचं. झाला तुमचा गेम. आमच्या बॅचमध्ये सोळा जणांचे सोळा गेम, सगळ्यांत तोच रस्ता, तेच झाड. प्ले स्टोअरवर तसाच गेम पाच वेगवेगळ्या नावांनी सापडला. सर म्हणाले, "मार्केटमध्ये असंच चालतं."

घटस्थापनेची सुट्टी म्हणून सोमवारी क्लास बंद. मंगळवारी कुलूप. आमच्याबरोबर कुलपासमोर खुर्च्यांचा मालकही उभा होता, त्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं. प्लास्टिक का काढलं नव्हतं ते तेव्हा समजलं.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा सीना नदीला पूर आलेला, मोहोळ-माढ्याकडची गावं पाण्यात, अर्धं ठाणं बंदोबस्तात. त्यांचंही खोटं नाही. पण "अर्धा जिल्हा बुडालाय आणि तू गेम गेम करतोस?" असं ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा गेलो. "किती हरलास? रमी का?" मी म्हटलं, साहेब, खेळलो नाही, गेम बनवायला शिकत होतो. "पैसे लावायचे गेम बंद केलेत की सरकारनं ऑगस्टमध्ये, कायदा आलाय, पेपर वाचत नाहीस का?" कायदा मलाही माहीत होता, त्याचा इथं काय संबंध? तिसऱ्यांदा अर्ज घेतला, त्यावर विषय टाकला 'ऑनलाइन गेमद्वारे फसवणूक'. मी म्हटलं, हे चुकलंय. "वर्ग तोच आहे." चौथ्यांदा सांगितलं, करार आहे म्हणजे दिवाणी मामला, कोर्टात जा. चार चकरा, चार अर्ध्या रजा, पगार कापून. जमादारांच्या टेबलावर माझा अर्ज चहाच्या कपाखाली होता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

फायनान्स कंपनीची ग्राहकसेवा म्हणते, क्लास चालू आहे की बंद, याच्याशी आमचा संबंध नाही. हप्ता थांबवला तर सिबिल खराब, आणि वसुलीचा माणूस कारखान्यात फोन करतो. एकदा केलाच. शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "जुगार खेळतोस का?"

तुमचे पैसे आत्ताच गेले असतील तर हे वाचत बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. कर्ज असेल तर कंपनीला ईमेलने लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मी गेलोय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. वकील नसला तरी चालतं, असं मला कुणीही आपणहून सांगितलं नाही.

नोकरीची हमी कुणी देत नसतो. पुण्यात खरे स्टुडिओ आहेत, युबीसॉफ्टचा २००८ पासून आहे. असे लोक जागा स्वतःच्या साइटवर टाकतात आणि डिपॉझिट मागत नाहीत. ते बघतात तुम्ही काय पूर्ण केलंय ते. प्ले स्टोअरवर गेम टाकायचं खातं २५ डॉलरचं, एकदाच. नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस गेमची चाचणी करून घ्यावी लागते. आमचे सर यालाच 'लाँचिंग पॅकेज' म्हणून आणखी ११ हजार मागणार होते. कुलूप लागलं म्हणून तेवढे वाचले.

आता रात्री घरीच गोडोवर बसतो. छोटा गेम केलाय, मागावरचा धोटा इकडून तिकडे मारायचा, धागा तुटला की संपलं. अण्णांनी खेळून बघितला आणि म्हणाले, धोटा उलटा फिरतोय. ते दुरुस्त करायचं राहिलंय.

चुलतभावाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने नोंदणीचे २,३६० आधीच भरले होते.