पुरात मोबाइल बंद पडला तर? परवानामुक्त वॉकीटॉकीचा पावसाळाभराचा अनुभव

२२ जुलै २०२१ म्हणजे काय, हे चिपळूणकराला सांगावे लागत नाही. वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी बाजारपेठेत शिरले, वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. आपली आई मुरादपुरात वरच्या मजल्यावर पोचली की नाही, हे पेठमापातल्या मुलाला कितीतरी तास कळायला मार्ग नव्हता. आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या घरांनी मिळून वॉकीटॉकी घेतल्या त्या याच कारणाने. एक अख्खा पावसाळा आणि पुढचे काही महिने वापरून झाल्यावर हे लिहितो आहे.

आधी परवान्याचे बघा, कारण निवड तिथेच ठरते. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट विनापरवाना वापरता येतात. आमचे सेट त्यातलेच, अर्ध्या वॅटचे, अँटेना पक्की बसवलेली. ऑनलाइन दुकानांत जवळपास त्याच पैशांत पाच वॅटचे, हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे सेट दिसतात आणि मन तिकडे ओढले जाते. ते घेऊ नका. त्यांना परवाना लागतो, आणि त्यांच्या आवाक्यात इतर यंत्रणांच्या फ्रिक्वेन्सीही येतात. बचावाची बोट मागवणाऱ्या कुणाच्या बोलण्यावर आपला आवाज चढला तर काय होईल, याचा विचार करा. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यामुळे विक्रेत्याकडे फ्रिक्वेन्सी आणि मान्यतेचे प्रमाणपत्र, म्हणजे ईटीए, बेधडक मागा. देत नसेल तर दुसरे दुकान.

आता अंतराचे. खोक्यावर लिहिलेले किलोमीटर उघड्या माळरानावरचे असतात. बाजारपेठेत सिमेंटच्या इमारतींमधून तळमजल्यावर बोलायचे तर दोन-चार गल्ल्यांपलीकडे आवाज तुटायला लागतो. तोच माणूस गच्चीवर चढला की गोवळकोटच्या टेकडीवरून त्याच्याशी खणखणीत बोलता येते. परशुरामच्या चढावर मोकळी जागा गाठली तर तिथूनही गच्चीवरचा आवाज येतो, इतके आम्ही करून पाहिले आहे. मधे डोंगराची सोंड आली की मात्र सगळे संपले. या लहरी सरळ जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. म्हणून आम्ही उंचावरचे एक घर ‘मधले घर’ ठरवले. खालचा निरोप ते घर ऐकते आणि पुढे सांगते. या एका व्यवस्थेने आम्हाला जो पल्ला मिळाला, तो महागडा सेट घेऊनही मिळाला नसता.

बॅटरीवर मी सगळ्यात जास्त भर देईन. ‘सोळा तास चालते’ हा आकडा पाच टक्के बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि नव्वद टक्के गप्प बसणे असा धरून काढलेला असतो. पुराच्या रात्री कोण गप्प बसणार? सतत बोलणे झाले की चार्ज झपाट्याने उतरतो. आमच्यातल्या निम्म्या सेटना साधे पेन्सिल सेल चालतात, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी सगळे तसेच घेईन. किराणा दुकानातला सेल वीज नसतानाही उपयोगी पडतो. दुसऱ्या प्रकारातले यूएसबीवर चार्ज होतात, म्हणजे पॉवर बँक किंवा गाडीवर भागते. भिंतीतल्या प्लगशिवाय चार्जच न होणारा सेट आपल्या कामाचा नाही.

पाण्याबद्दल: आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा, आयपी५४ फक्त शिंतोडे सोसतो. कोकणात पहिलाच घ्या. आमच्या एका सेटच्या चार्जिंगच्या पट्ट्यांवर दमटपणाने हिरवट थर चढला. विक्रेत्याने ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात झटकले, त्याचा राग अजून आहे. आता दर पंधरवड्याला कोरड्या कापडाने पट्ट्या पुसतो. आवाजावर आपोआप सुरू होणारी सोय बंद ठेवा, पत्र्यावरचा पाऊस तिला सारखा जागा करतो.

‘प्रायव्हसी कोड’ नावाने जे येते, त्याने गुप्तता मिळत नाही. त्याने फक्त दुसऱ्यांचे बोलणे आपल्या सेटवर वाजत नाही. आपले बोलणे त्या चॅनेलवर कुणीही ऐकू शकतो. त्यामुळे कुठले घर रिकामे आहे, दागिने कुठे आहेत, असे काही त्यावर बोलायचे नाही. पोलीस किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाशीही या सेटवरून बोलता येत नाही. त्यांच्या यंत्रणा वेगळ्या.

सवय नसेल तर सेट कपाटात पडून राहतो. आम्ही रविवारी संध्याकाळी हजेरी घेतो. काकू आधी बटण दाबताच बोलायला लागायच्या आणि पहिला शब्द गिळला जायचा. आता बटण दाबून क्षणभर थांबतात, आकडे सुटे सुटे सांगतात, शेवटी ‘ओव्हर’ म्हणतात. त्यांचा निरोप आमच्यात सगळ्यात स्वच्छ असतो.

जिल्ह्याबाहेर निरोप पोचवायचा असेल तर हे सेट पुरणार नाहीत. तिथे हॅम रेडिओच लागतो, म्हणजे हौशी माणसे परवाना घेऊन चालवतात तो लांब पल्ल्याचा रेडिओ. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला योगायोगाने हजर असलेल्या हॅम मंडळींनी अंदमानमधून मुख्य भूमीपर्यंत निरोप पोचवले होते. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते: थोडे इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. आमच्या मधल्या घरातली पुतणी तिचा अभ्यास करते आहे, आणि परवाना आला की अँटेना त्याच गच्चीवर लागेल.