रुपिन पास की हामटा पास?

दोन्ही हिमालयातल्या खिंडींचे ट्रेक. गावं बघायची असतील तर रुपिन. उत्तराखंडातल्या धौल्यापासून सेवा, जिसकून आणि झाका या गावांतून वाट वर चढते. झाक्याची लाकडी घरं कड्यालगत अशी बसली आहेत की पहिल्यांदा बघणारा थबकतोच. हामटाच्या वाटेवर, मनालीजवळच्या जोबऱ्यापासून पुढे, वस्ती जवळजवळ नाहीच; भेटतात ते मेंढपाळ.

हामटा सुमारे ४,२७० मीटर, चालणं चार दिवसांचं. म्हणून सोपा समजतात. पण मनाली २,०५० मीटरवर आणि तिसऱ्या दिवशी खिंड! उंचीमुळे डोकं दुखायला लागतं ते इथेच. मनालीत एक दिवस जास्त काढावा. खिंडीपलीकडच्या शियागोरूच्या मुक्कामाजवळचा ओढा सकाळी लवकर ओलांडायचा. उन्हाने बर्फ वितळलं की दुपारी पाणी चढतं. अनवाणी उतरू नका, पाय बधिर होऊन दगडावरून घसरतो. जुने सँडल सोबत ठेवा.

रुपिन सुमारे ४,६५० मीटर, पण धौल्यापासून चढ हळूहळू, त्यामुळे शरीर उंचीला सरावतं. खरी परीक्षा खिंडीखालच्या घळीत. जूनमध्ये तिथे उभ्या चढावर बर्फ असतं, मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे काटे) लागतात आणि पहाटे निघावं लागतं, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होऊन पाय रुततो. सप्टेंबरअखेर बर्फ कमी, पण सुटे दगड गडगडतात. पुढच्याच्या थेट खाली उभं राहू नये. पलीकडे हिमाचलातल्या सांगल्यापर्यंतची उतरण गुडघ्यांना भारी, काठी हवीच.

पहिलाच हिमालयी ट्रेक आणि सुट्टी आठवड्याची असेल तर हामटा. दहा दिवस मोकळे असतील तर रुपिनच.