छतावरील सौर संच: कंपनीचा अधिकृत विक्रेता की गावातला ठेकेदार?

घरावर सौर संच बसवायचा हे एकदा ठरले, की किती किलोवॅटचा, कोणत्या पॅनेलचा आणि कोणत्या इन्व्हर्टरचा (पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा) या प्रश्नांची उत्तरे हल्ली फार शोधावी लागत नाहीत. अडते ते काम कोणाच्या हाती द्यायचे यावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आल्यापासून नोंदणीकृत पुरवठादारांची यादी एवढी लांबली आहे, की ती वाचून निवड करणे कोणालाही शक्य नाही. कोल्हापुरात घर असलेल्या माझ्यासारख्यापुढे शेवटी दोनच खरे पर्याय उरले: देशभर नाव असलेल्या एका मोठ्या कंपनीचा अधिकृत विक्रेता, आणि शहरातच बरीच वर्षे विजेची कामे करत आलेला, आता सौर संचही बसवणारा एक ठेकेदार. फोन करून ‘फुकट सोलर’ देऊ करणाऱ्यांना मी या तुलनेत धरलेले नाही. सर्वसाधारण घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान मिळते. उरलेला खर्च आपला असतो आणि ते फोनवाले हेच सांगायचे टाळतात.

दोघांची दरपत्रके समोर ठेवल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की ज्या बाबींची जाहिरात सर्वांत मोठ्या अक्षरांत होते त्यांत दोघांमध्ये जवळजवळ काहीच फरक नव्हता. अनुदान हवे असेल तर सौरघट आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले, म्हणजे ‘डीसीआर’ प्रकारचे, असावे लागते. त्यामुळे निवडीचा परीघ मुळातच लहान होतो. पॅनेलची पंचवीस वर्षांची कार्यक्षमतेची हमी पॅनेल बनवणाऱ्याची असते आणि इन्व्हर्टरची हमी इन्व्हर्टर बनवणाऱ्याची. विक्रेत्याच्या चकचकीत पुस्तिकेत ती छापलेली असली तरी त्याच्या पदरचे त्यात काही नसते. अनुदानाच्या संचाची पाच वर्षे देखभाल करण्याचे बंधनही दोघांवर सारखेच. विक्रेत्याचा भाव सुमारे एक दशांशाने चढा होता, पण वीसपंचवीस वर्षे डोक्यावर राहणाऱ्या वस्तूसाठी तेवढ्या फरकावर निर्णय करू नये, असे माझे मत आहे.

फरक दिसू लागला तो पाहणीच्या वेळी. विक्रेत्याचा प्रतिनिधी नम्र होता, वेळेवर आला, आणि उपग्रहाच्या छायाचित्रावर पॅनेल मांडून दाखवणारे सुबक चित्र त्याने आधीच तयार करून आणले होते. चित्रात पाण्याची टाकी होती, पण तिची उंची नव्हती, आणि ती मोजायला गच्चीवर जाण्याची त्याला गरज वाटली नाही. ठेकेदार मात्र आल्या आल्या जिना चढला, टाकीला आणि जिन्यावरच्या खोलीला टेप लावली आणि डिसेंबरातली सावली कुठवर येईल ते खडूने फरशीवर आखून दाखवले. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला सरकतो, तर डिसेंबरात दक्षिणेकडे पन्नास अंशांच्या आसपास खाली राहतो. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर निर्धोक वाटणारी जागा थंडीत टाकीच्या सावलीत जाऊ शकते. आणि पॅनेले एकाच माळेत जोडलेली असल्याने एकावर पडलेली सावली साऱ्या माळेला भोवू शकते. अर्थात, प्रत्येक विक्रेता जिना चढायचा टाळतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. मला भेटलेल्या एका माणसावरून साऱ्या कंपनीची परीक्षा होत नाही.

पण माझ्यापुरता निर्णय झाला तो सावलीमुळे नव्हे, दरपत्रकाच्या शेवटच्या पानावरील एका ओळीमुळे. विक्रेत्याच्या अटींमध्ये लिहिले होते की पॅनेले धरणारा सांगाडा स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारून बसवला जाईल, आणि त्यानंतर छताच्या जलरोधनाची जबाबदारी ग्राहकाची राहील.

ही अट वाचताना एखाद्याला किरकोळ वाटेल. पण आमच्या घराच्या गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा आहे. कोल्हापूर, सातारा, पुणे या पट्ट्यातल्या बहुतेक जुन्या बंगल्यांवर तो असतोच. स्लॅबवर विटांचे तुकडे, त्यावर सिमेंटचा थर, पाण्याला उतार, अशी चार-पाच इंचांची ती रचना असते. तिच्यात मारलेला आखूड बोल्ट विटांतच अडकून राहतो, स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे वादळात त्याचा भरवसा नाही. आणि स्लॅबपर्यंत पोहोचेल इतका लांब मारला, तर तो कोब्याला आरपार छेदतो. अशा छिद्रातून शिरलेले पाणी सरळ खाली येत नाही. ते विटांच्या तुकड्यांमधून पसरत जाते आणि भलत्याच ठिकाणी, कधी पंख्याच्या हुकाभोवती तर कधी भिंतीच्या सांध्यात, ओल धरते. छिद्र एका खोलीवर आणि गळती दुसऱ्या खोलीत, असा प्रकार झाला की ती त्याच छिद्रामुळे झाली हे घरमालकाला कधीच सिद्ध करता येत नाही. जुलै महिन्यात कोल्हापूरच्या पावसात हा वाद घालत बसण्याची कल्पना मला असह्य झाली. मी ती ओळ काढून टाकण्याची किंवा निदान दोन पावसाळ्यांपुरती जबाबदारी लेखी घेण्याची विनंती केली. प्रतिनिधीने ती वर कळवली, आणि काही दिवसांनी उत्तर आले की अटींचा नमुना मुख्य कार्यालयाचा असल्यामुळे त्यात बदल करता येत नाही. उत्तर सौजन्याने दिलेले होते आणि कदाचित त्यांच्या दृष्टीने रास्तही असेल. परंतु ज्याला माझ्या गच्चीला भोके पाडण्याचा अधिकार आहे, त्याला त्या भोकांबद्दल बोलण्याचा अधिकार नाही, ही व्यवस्था माझ्या पचनी पडली नाही.

हाच प्रश्न ठेकेदाराला केला तेव्हा तो म्हणाला, “साहेब, कोब्याला भोक पाडलं की दुसऱ्या पावसात शिव्या आम्हालाच बसणार. त्यापेक्षा ठोकळे टाकूया.” त्याने सांगाड्याच्या प्रत्येक पायाखाली काँक्रीटचा ठोकळा ओतला. एक घनफूट काँक्रीटचे वजन सत्तर किलोच्या घरात जाते; त्यामुळे ठोकळ्यांचे एकूण वजन स्लॅबला पेलेल का, आणि उचलून धरणाऱ्या वाऱ्याला ते पुरेल का, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. आमच्या गच्चीला चांगला उंच कठडा आहे आणि पॅनेले फार उचललेली नाहीत, म्हणून हे जमले. ठोकळे ओतण्याआधी खालचा पृष्ठभाग खरवडून त्यावर चिकटवणारे रसायन लावले होते, आणि ठोकळ्यांमुळे पावसाच्या पाण्याची वाट अडणार नाही इतपत मोकळी जागा ठेवली होती. हे सारे त्याने दरपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून, खाली सही करून दिले. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाचे वजन किती हे वकील सांगतील. मला मात्र तो छापील अटींपेक्षा अधिक आश्वासक वाटला.

ठेकेदाराचे सगळेच चांगले होते असे नाही. सांगाडा त्याने कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातून करून आणला. तेथील कारागिरांच्या हाताला तोड नाही, पण एक पाय आखूड पडला तेव्हा तो गच्चीवरच वेल्डिंग करून वाढवण्यात आला. गॅल्वनाइझ केलेल्या लोखंडावर वेल्डिंग केले की त्या जागचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्याने चंदेरी रंगाचा हात फिरवून विषय मिटवू पाहिला; मी आग्रह धरल्यावर जस्तयुक्त रंग आणून लावला. कंपनीच्या विक्रेत्याचा सांगाडा कारखान्यातून तयार होऊन येतो आणि केवळ नट-बोल्टांनी जोडला जातो, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या किंवा गोव्यातल्या खाऱ्या हवेत घर असेल, तर एवढ्या एका मुद्द्यावरही पारडे विक्रेत्याकडे झुकू शकते.

कागदपत्रांतही विक्रेता उजवा ठरेल. १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास, म्हणजे वीजजाळ्याला तो संच पेलेल का याची तपासणी, आता लागत नाही, तरीही योजनेच्या पोर्टलवरील अर्ज, महावितरणची तपासणी, नेट मीटर (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारे मीटर) आणि शेवटी खात्यावर येणारे अनुदान ही साखळी लांबच आहे. वीजबिल वडिलांच्या नावावर, बँक खाते मुलाचे, असा प्रकार असेल तर ती मध्येच अडकते. विक्रेत्याकडे यासाठी स्वतंत्र माणूस बसलेला असतो. ठेकेदाराकडे हे काम त्याचा भाचा रात्री जेवण झाल्यावर करत असे, आणि त्यामुळे आम्हाला नेट मीटर अपेक्षेपेक्षा उशिरा मिळाले. त्या मधल्या काळात संच सुरू करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण साधे मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणून मोजू शकते आणि बिल कमी होण्याऐवजी वाढते.

पैशांच्या हप्त्यांबाबत मात्र ठेकेदार सरळ होता. अनुदान थेट आपल्या खात्यात येते, त्यामुळे संचाची पूर्ण किंमत आधी आपणच द्यायची असते. विक्रेत्याला माल निघण्यापूर्वीच जवळजवळ सारी रक्कम हवी होती. ठेकेदाराने शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत थांबवण्याचे मान्य केले. काम अडले तर फोन कोणी करायचा, हे या एका गोष्टीने ठरून जाते.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल ठाम विधान करण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. एवढे सांगता येईल की मागच्या पावसाळ्यात एकदा इन्व्हर्टरने आयसोलेशनचा दोष, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीत झिरपत असल्याची खूण, दाखवून काम थांबवले. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुलगा आला आणि पॅनेलांमधला एक जोड सुटून खाली साचलेल्या पाण्यात पडला असल्याचे त्याला दिसले. तो जोड नीट बांधला न जाणे ही त्यांचीच हयगय होती, पण दुरुस्त करायलाही तेच आले आणि त्याचे पैसे मागितले नाहीत. आमच्याच वसाहतीत दुसऱ्या एका कंपनीच्या विक्रेत्याकडून संच बसवलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या विक्रेत्याने दरम्यान एजन्सी सोडली, तक्रार टोल-फ्री क्रमांकावर नोंदवली गेली, आणि पुण्याहून माणूस येईपर्यंत त्यांचा संच बरेच दिवस बंद राहिला. उलट बाजूही मान्य करायला हवी: उद्या माझ्या ठेकेदाराने धंदा बंद केला तर माझ्यासाठी टोल-फ्री क्रमांकही नसेल. म्हणून मी इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये मालक म्हणून स्वतःचे खाते उघडून घेतले, प्रत्येक पॅनेलवरील अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवले आणि डीसीआरचे प्रमाणपत्र फाइलला लावले. काही ठिकाणी हे खाते बसवणाऱ्याच्याच नावावर राहते आणि मालकाला केवळ आकडे पाहता येतात. काम कोणालाही दिले तरी ही खबरदारी पहिल्याच दिवशी घ्यावी. डीसी (पॅनेलांकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांच्यासाठी अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे खरोखर खणले जात आहेत का, हेही उभे राहून पाहावे, कारण माती लोटल्यावर तीन झाकणांखाली काय आहे ते कोणालाच कळत नाही.

माझ्यासारखी सपाट गच्ची, जुना कोबा आणि कमी उंचीचा संच असेल, तर मी गावातल्या ठेकेदाराकडे जाण्याचेच सुचवीन; मात्र त्याने आधी बसवलेल्या आणि किमान एक पावसाळा काढलेल्या दोन गच्च्या पाहिल्यावर, आणि तिथल्या मालकांशी तो समोर नसताना बोलल्यावर. पॅनेलांखाली वावरता यावे, वाळवणे घालता यावीत म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा हवा असेल, तर गोष्ट बदलते. तिथे वाऱ्याचा जोर ठोकळ्यांवर सोडून चालत नाही, पाय स्लॅबच्या तुळयांवर किंवा खांबांवर धरावे लागतात, आणि कंपनीच्या अभियंत्याने काढलेला आराखडा त्या एक दशांश जास्तीच्या किमतीला नक्कीच पुरून उरतो. तरीही ते काम ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे असेल, तर स्ट्रक्चरल अभियंत्याची फी वेगळी धरावी आणि त्याची सही असलेला नकाशा हातात आल्यावरच लोखंडाची आगाऊ रक्कम द्यावी.