जिओकॅशिंग क्लबच्या श्रमदानासाठी ‘सिटो’: सहा वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

सिॲटलच्या पूर्व उपनगरांतील आमच्या छोट्या जिओकॅशिंग क्लबात श्रमदानाचे उपक्रम ठरविण्याची जबाबदारी गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. या काळातील बहुतेक उपक्रम आम्ही जिओकॅशिंग डॉट कॉमवरील ‘कॅश इन, ट्रॅश आउट’ या सोयीतून जाहीर केले. खेळाडूंमध्ये तिला ‘सिटो’ म्हणतात. क्लबने सेवेसाठी नेमके काय करावे, असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांना ही सोय कुठे उपयोगी पडते आणि कुठे अपुरी ठरते, हे अनुभवावरून सांगण्यासारखे आहे.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की येथे ‘कॅश’ म्हणजे पैसा नव्हे, तर कोणीतरी लपवून ठेवलेला, आत नोंदवही असलेला डबा, जो इतरांनी अक्षांश-रेखांशांच्या आधारे शोधायचा असतो. मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेतील त्रुटी काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ पहिली बादली लपवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हे संकेतस्थळ सुरू झाले. डबा शोधायला जाताना वाटेतला कचरा उचलून आणायचा, ही ‘सिटो’ची कल्पना २००२ पासून रुजली आणि पुढे तिला स्वतंत्र उपक्रमाचा दर्जा मिळाला.

वापरायला ही सोय सोपी आहे. ठिकाण, दिवस, वेळ आणि कामाचे स्वरूप लिहून किमान दोन आठवडे आधी अर्ज करायचा, मग स्वयंसेवक परीक्षक तो तपासतात आणि उपक्रम नकाशावर दिसू लागतो. काम किमान एक तासाचे असावे लागते. केवळ कचरा वेचणेच नव्हे, तर झाडे लावणे, पायवाटा दुरुस्त करणे आणि उपद्रवी परदेशी वनस्पती उपटणे हीसुद्धा मान्य कामे आहेत. उपस्थित राहणाऱ्याच्या खात्यात डबा सापडल्यासारखीच एक नोंद जमा होते, आणि या एका नोंदीसाठी लोक तासभर गाडी चालवून येतात, हे मी दर वेळी पाहतो. कोणत्याही कारणाने का होईना, पावसाळी शनिवारी सकाळी नऊ वाजता अनोळखी माणसे हातमोजे घालून उभी राहतात, हे या सोयीचे सर्वांत मोठे यश मी मानतो.

माणसे जमविण्यापलीकडची सारी व्यवस्था मात्र क्लबनेच पाहायची असते. आमच्या पहिल्याच उपक्रमात सत्तावीस जणांनी रस्त्यालगतच्या उतारावरून एकोणीस पिशव्या कचरा काढला. त्या उचलून नेण्याचे एका कार्यालयाने फोनवर कबूल केले होते, परंतु गाडी आलीच नाही. रविवारी रात्री रॅकूनांनी पिशव्या फाडल्या आणि सोमवारी आम्ही चौघांनी तोच कचरा दुसऱ्यांदा गोळा केला. तेव्हापासून जागेच्या व्यवस्थापनाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्याची तारीख, दोन्ही लेखी हातात आल्याशिवाय मी अर्ज भरत नाही.

कचरा वेचणे कोणतीही संस्था करू शकते. जिओकॅशिंग क्लबकडे जे विशेष आहे, म्हणजे आडवाटेच्या जागांची ओळख, अचूक स्थाननोंद आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याची सवय, त्याचा उपयोग होईल असे काम निवडावे, असे माझे ठाम मत झाले आहे. या कसोटीवर आमचा सर्वांत फलदायी उपक्रम इंग्लिश आयव्हीचा ठरला. ही सदाहरित वेल येथील जंगलांत झाडांवर चढते, तिच्या भाराने झाडे वादळात कोसळतात आणि जमिनीवर तिची चटई पसरली की खाली दुसरे काही उगवत नाही. ती काढण्याची पद्धत ठरलेली आहे. खोडाभोवती छातीच्या उंचीवर वेलीचे दोर करवतीने आणि मोठ्या कात्रीने चौफेर कापायचे, त्याखालचा भाग सोलून काढायचा आणि बुंध्याभोवतीची काही फूट जमीन मुळांसकट मोकळी करायची. वरचा भाग मात्र खाली ओढायचा नाही, कारण त्यासोबत वाळक्या फांद्या डोक्यावर येऊ शकतात. तो जागच्या जागी वाळू द्यायचा. जुन्या झाडावरची वेल मनगटाएवढी जाड असते आणि तिची केसाळ मुळे सालीत इतकी घट्ट रुतलेली असतात, की पहारीचे टोक घालून ती सोडवताना सालीला धक्का लागू नये म्हणून दोन माणसांनी मिळून हळूहळू काम करावे लागते.

येथे स्थाननोंदीचे महत्त्व कळते. मोकळ्या केलेल्या प्रत्येक झाडाचे अक्षांश-रेखांश आम्ही उतरवून घेतो आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाशी परत जातो, कारण एक चुकलेला दोरसुद्धा वेल जिवंत ठेवतो. आम्ही आयव्ही काढतो त्याच ओढ्याकाठी हिमालयन ब्लॅकबेरीचीही दाट काटेरी जाळी आहेत. नावात हिमालय असला तरी ही वनस्पती आर्मेनिया आणि उत्तर इराणच्या परिसरातील आहे. वनस्पतींच्या नव्या जाती तयार करणारे ल्यूथर बर्बँक यांनी भारतातून आलेल्या समजल्या गेलेल्या बियांपासून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रसारात आणली आणि नाव तेच राहिले. तिचे फोक कापून भागत नाही, जमिनीतला गड्डा खणूनच काढावा लागतो. आमच्यातील मराठी मंडळी घाणेरीशी लहानपणापासून झुंजलेली असल्यामुळे त्यांना हे वेगळे शिकवावे लागले नाही.

‘सिटो’ची खरी उणीव याच ठिकाणी जाणवते. ही सोय एका दिवसाच्या उपक्रमाची आहे. ती तारीख सरली की पान नोंदींपुरते उरते आणि मागील वर्षीच्या कामाशी या वर्षीचे काम जोडणारा धागा त्यात नसतो. आम्ही यावर उपाय म्हणून साफ केलेल्या पट्ट्याजवळ, व्यवस्थापनाच्या संमतीने आणि पायवाटेपासून दूर न जाता, क्लबचा एक कायमचा डबा ठेवला आहे. तो शोधायला येणारे नोंदीत ‘दक्षिणेकडील देवदारावर वेल पुन्हा दिसते आहे’ असे लिहितात, आणि आमची पाहणी वर्षभर आपोआप चालू राहते.

दुसरा उपक्रम याच खेळाच्या एका नियमातून सुचला. डब्यापर्यंतच्या वाटेला १ ते ५ असे श्रेणीमूल्य द्यावे लागते आणि १ याचा अर्थ चाकाच्या खुर्चीवरून जाता येईल अशी वाट. प्रत्यक्षात हे मूल्य देणारा बहुतेक वेळा स्वतः चालणारा असतो. त्यामुळे आम्ही खुर्ची वापरणाऱ्या एका सदस्याबरोबर परिसरातील अशा वाटा एकेक करून तपासल्या. एके ठिकाणी वाट गुळगुळीत होती, पण मोटारतळ आणि वाट यांच्यामध्ये चार बोटे उंचीचा कठडा होता. दुसऱ्या ठिकाणी डबा बाकाखाली चुंबकाने चिकटवलेला होता आणि खुर्चीवरून हात तेथवर पोहोचत नव्हता. या पाहणीची टिपणे आम्ही डब्यांच्या मालकांना आणि उद्यानाच्या व्यवस्थापनाला दिली. एका ठिकाणी कठड्याला उतार झाला, आणि त्याचा लाभ खेळाशी काहीही संबंध नसलेल्या आजी-आजोबांना आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईवडिलांना होतो आहे. हे काम ‘सिटो’च्या व्याख्येत बसेल असे वाटले नाही म्हणून आम्ही ते त्यातून जाहीर केले नाही, तरी क्लबने हाती घ्यावे अशा कामांत मी त्याला आयव्हीच्याही आधी स्थान देईन.

आपल्याच खेळाने केलेली घाण काढणे हेही कर्तव्य आहे. बंद झालेल्या डब्यांच्या नोंदी नेहमीच्या शोधात दिसेनाशा होतात, डबे मात्र मुळांच्या बेचक्यांत कुजत राहतात. जुन्या सदस्यांच्या वैयक्तिक याद्या जुळवून, मूळ मालकाला विचारून, आम्ही असे डबे दर हिवाळ्यात परत आणतो. लोकप्रिय डब्यांकडे पावलांनी नवी पायवाट पडते आणि तेथील माती घट्ट होऊन झाडोरा मरतो. अशा जागी डबा काढून घेणे आणि वाटेवर फांद्या पसरून ती बुजू देणे एवढीच सेवा पुरेशी असते.

आणखी एक मर्यादा आधीच माहीत असावी. संकेतस्थळाच्या नियमांनुसार उपक्रमाच्या पानावरून सामाजिक, धार्मिक, राजकीय किंवा धर्मादाय प्रचार करता येत नाही. त्यामुळे ‘येताना अन्नपेढीसाठी डाळ-तांदूळ आणा’ हे वाक्य तेथे चालत नाही. आरंभी मला हा नियम कठोर वाटला होता. परंतु खेळाचे पान प्रत्येक कामासाठी वर्गणी मागू लागले तर लोक पान उघडणेच सोडतील, हे पटल्यावर अन्नदानाचे आवाहन आम्ही क्लबच्या निरोपांतून वेगळे करतो.

महाराष्ट्रात डब्यांची संख्या फार थोडी आहे, तरी ही पद्धत तेथे उपयोगी पडू शकते. किल्ल्यांवर आणि टेकड्यांवर नियमित श्रमदान करणाऱ्या मंडळींनी लावलेल्या प्रत्येक रोपाचे आणि साफ केलेल्या प्रत्येक टाक्याचे अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवले, तर पुढच्या वर्षीचा गट शोधाशोध न करता थेट तेथे पोहोचेल. संरक्षित वास्तूंवर मात्र डबा लपविण्याचा विचारही करू नये.

माणसे जमविण्यासाठी ‘सिटो’ला मी पाचपैकी पाच तारे देतो, काम टिकविण्यासाठी दोन. येत्या एप्रिलमधील आमचा अर्ज तयार आहे. ओढ्याकाठची बेचाळीस झाडे यादीत आहेत, त्यांपैकी अकरांवर वेल परत चढल्याच्या नोंदी डब्याच्या वहीत आल्या आहेत, आणि या वेळीही पिशव्या नेणाऱ्या गाडीची तारीख मी लेखी घेतली आहे.